हात धुण्यापुरती प्रार्थना

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी असायची. रविवारी दवाखाना उघडा, शाळा उघडी, कचेरी उघडी. लग्नानंतर आम्ही दोघं सरहद्द ओलांडून परंड्याच्या बाजूच्या एका गावी नोकरीला गेलो, तेव्हा ही गोष्ट अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरांतली माणसं अजून तिथं आहेत.

मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. रविवारी घंटा झाली की वेणी घालून, धुतलेलं पातळ नेसून रांगेनं उपासनेला जायचं, हे इतक्या लहानपणापासून चाललेलं की रविवार हा देवाचा वार असतो असं मला कुणी मुद्दाम शिकवलेलं आठवत नाही. इथं रविवारी सकाळी आठ वाजता मी मलमपट्टीच्या टेबलाशी उभी. मग आमचा रविवार शुक्रवारी यायचा. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर होते. शुक्रवारी जेवणं झाली की हे दार लोटून घेत, शास्त्र, म्हणजे बायबल, उघडत, मी मुलीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसे, आणि आमची तिघांची उपासना होई. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. जवळचं चर्च रेल्वेच्या गावी. तिकडं जाणं नाताळला आणि ईस्टरला, तेही मोटारीत जागा मिळाली तर.

त्या चटईवरच्या उपासनेची आज फार आठवण येते. बाहेर कुणाच्या तरी शेळ्या ओरडत असायच्या, चुलीतली राख अजून ऊन असायची, आणि ह्यांचा आवाज खर्जातला, संथ. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मी ऐकतच नसे. डोळे मिटले की मला कामं दिसायची. कापूस संपलाय. सोनाराच्या सुनेला आठवा महिना लागला, तिचे पाय सुजलेत. मुलीच्या झबल्याचा बंद तुटलाय. आमेन म्हटल्यावर मी उठायची ती थेट घागरीकडं.

कामच तसं होतं. दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं. दवाखान्यात डॉक्टरसाहेब, एक कंपाउंडर आणि मी. साहेब हैदराबादचे, वयानं थोर, बोलणं दखनीतलं आणि मोजकं. बाया त्यांच्यासमोर तोंड उघडत नसत, त्यामुळं बायकांचं सगळं दुखणंखुपणं माझ्याकडं. भोवतालच्या दहा-बारा वाड्यांवरून बाळंतपणाला बोलावणं आलं की छकड्यात बसून जायचं. कधी एका वाडीहून परतताना वाटेतच दुसऱ्या वाडीचा माणूस हात करून छकडा थांबवायचा.

आता हात धुण्याचं सांगते. मी ज्या मिशनच्या दवाखान्यात शिकले, तिथल्या मडमबाई हातांच्या बाबतीत फार कडक होत्या. बाळंतिणीला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत साबण लावून, ब्रशनं नखं घासून, पाच मिनिटं हात धुवायचे. वाडीवस्तीवर घड्याळ कुठून असणार? म्हणून त्यांनी आम्हा मुलींना युक्ती शिकवली होती. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सावकाश दहा वेळा म्हणायची, की पाच मिनिटं होतात. वेळही मोजला जातो आणि देवाचं नावही घेतलं जातं, असं त्या म्हणायच्या.

सुरुवातीला मी ती खरोखर म्हणत होते. बाईच्या कण्हण्याकडं कान, हात पाण्यात आणि मन देवापाशी. पुढं केव्हातरी ती नुसती मोजणी झाली. केव्हा झाली ते कळलं नाही. चौथी, पाचवी, सहावी... ओठ हलत राहायचे आणि डोकं पुढच्या वाडीत पोचलेलं असायचं.

एका शुक्रवारी ह्यांनी मला म्हटलं, आज प्रार्थना तू कर. मी डोळे मिटले आणि तीच प्रार्थना भरभर म्हणून टाकली. आमेन म्हटलं आणि दोन्ही हात पुढं धरून तशीच बसून राहिले. कुणीतरी पाणी ओतेल म्हणून. मुलगी हसायला लागली. हेही हसले. मग हसू ओसरल्यावर ह्यांनी विचारलं, "अगं, तू कुणाशी बोलत होतीस?" मी चिडले. म्हटलं, तुम्हाला शाळा सुटली की मोकळीक असते, मला नसते. ह्यांनी शास्त्र फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं.

पण माझं मन नुसत्या कामानं भरकटत नव्हतं. आत एक गोष्ट मी दडवून ठेवली होती, आणि शांत बसलं की ती वर यायची. म्हणून मी शांत बसतच नव्हते.

गावात एक जुनी सुईण होती. धनगराची, काळी, उंच, कपाळाला मळवट, बोटं लांब. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. मी गेल्यावर तिची बोलावणी थोडी कमी झाली, तरी ती मला वाटेत भेटली की थांबून मुलीची चौकशी करायची. आमच्या दुसऱ्या वर्षी कुंभारआळीतली एक बाई बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी तापानं गेली. बाळंतपण सुइणीनं केलं होतं. हात न धुता, विळ्यानं नाळ कापून. सकाळी आडावर बायका जमल्या होत्या. त्यांच्यासमोर मी सुइणीला म्हणाले, "तुमच्या ह्या हातांनी ती मेली." तिनं हातांकडं पाहिलं आणि घागर तशीच ठेवून ती निघून गेली. माझ्या सांगण्यावरून साहेबांनी पाटलाला चिठ्ठी दिली. दोन दिवसांनी गावात दवंडी फिरली की तिला कुणी बाळंतपणाला बोलावू नये. ती गाव सोडून सीना नदीच्या काठी लेकीच्या वाडीला राहायला गेली.

जे कुणाला ठाऊक नव्हतं ते हे, की त्या कुंभारणीची सासू आधी माझ्या दारात आली होती. दिवेलागणीची वेळ होती. मी तेव्हाच एका वाडीहून परतले होते, पाय भरून आले होते, आणि मुलीच्या अंगात कणकण होती. मी तिला म्हटलं, पहिलटकरीण आहे, वेळ लागेल, मी सकाळी येते. मग ती सुइणीकडं गेली. सकाळी मी गेले तेव्हा मूल झालेलं होतं.

ह्यांनासुद्धा मी हे सांगितलं नाही. दोन वर्षं मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. लोक म्हणायचे, बाई लई कष्टाळू.

सुगीचे दिवस होते. ज्वारीची कणसं खुडून झाली होती, खळी लागली होती. दुपारी बाराच्या सुमारास सीनेकाठच्या त्या वाडीचा माणूस छकडा घेऊन दवाखान्यात आला. त्याची बायको कालपासून अडली होती. तिच्या आजीनं दवाखान्यातल्या बाईलाच आणायला सांगितलं होतं. आजी कोण, ते मी विचारलं नाही. पेटी उचलली आणि बसले.

वाडीत पोचलो तर दारात सुईण उभी. अडलेली पोर तिची नात होती.

तिनं मला पाहिलं, पदर सारखा केला, आणि मागे काहीच घडलं नसावं तसं सगळं व्यवस्थित सांगितलं. कळा केव्हा सुरू झाल्या, पाणी केव्हा गेलं, पोट वरून कसं लागतंय. "बाळ पायानं येतंय," ती म्हणाली. "माझी बोटं सांगत्यात. पर म्या आत हात घातला न्हाय. तुमच्यासाठी थांबले." मी पोट तपासलं. ती म्हणत होती ते बरोबर होतं.

पाणी उकळून तयार ठेवलेलं होतं. तेही तिनंच. मी बाह्या सारल्या, साबण घेतला आणि ओट्याशी बसले. ती तांब्यानं पाणी ओतायला लागली. आत पोर कण्हत होती. माझे ओठ सवयीनं हलू लागले. दोन-तीनदा झालं असेल, सुईण म्हणाली, "बाई, तुमी त्ये काय म्हणता? देवाचं असंल तर मोठ्यानं म्हणा. पोरीला बी ऐकू जाऊ द्या, धीर यील तिला."

मी मोठ्यानं सुरू केलं. किती दिवसांनी माझा आवाज त्या शब्दांत माझ्याच कानांवर पडत होता. पहिल्या ओळी गेल्या. आत पोर गप्प झाली, ऐकत असावी. मग क्षमेची ओळ आली. आम्ही दुसऱ्याला जशी क्षमा करतो तशी आम्हालाही मिळो, अशा अर्थाची ती ओळ मी दिवसातून वीस-वीस वेळा म्हणत आले होते. त्या वेळी ती तोंडातून बाहेर पडेना. समोर ती बाई वाकून माझ्या हातांवर पाणी ओतत होती.

ती थांबली. "इसरलात व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "आठवलं."

तिला काय समजलं कोण जाणे. तिनं तांब्या पुन्हा भरला. मी म्हटलं, मावशी, साबण घ्या, तुम्हीही हात धुवा, मला तुमचे हात लागतील. तिनं बांगड्या वर सारल्या. आता मी पाणी ओतू लागले. ती घासत होती, आणि मी प्रार्थना सुरुवातीपासून पुन्हा म्हटली, एकदाच, मोजणी न करता. ती ओळही म्हटली. आवाज चिरका झाला, पण म्हटली. मग तिच्या लेकीनं पाणी ओतलं आणि आम्ही दोघींनी हात पुन्हा साबणानं धुतले.

पुढचा तासभर आम्ही दोघींनी काय केलं ते सगळं सांगायची ही जागा नव्हे. एवढंच, की पायानं येणाऱ्या बाळाची मान सोडवणं जोखमीचं असतं, आणि त्या वेळी वरून पोटावर नेमका किती दाब द्यायचा ते त्या म्हातारीच्या तळव्याला कळत होतं. माझ्या पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. मुलगी झाली. आधी निळी होती, मग रडली. पोरीनं पाणी मागितलं. मी नाळ कापली, उकळलेल्या कात्रीनं, आणि सुईण ते सगळं डोळ्यांत साठवत असल्यासारखी बघत होती.

ऊन उतरायला लागलं होतं. छकडा जुंपेपर्यंत आम्ही दोघी कुडाच्या सावलीला बसलो. तिनं मला गूळ आणि पाणी दिलं. गूळ हातातच होता, आणि मी म्हणाले, "मावशी, कुंभारआळीतली ती बाई. आधी मला बोलावलं होतं. मी गेले नाही."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

कुंभारणीच्या सासूनंच त्या संध्याकाळी तिला सांगितलं होतं, की बाई सकाळी येणार म्हणती, तवर तू चल.

"मग आडावर बोलला का नाहीत?"

खळ्यावर बैल फिरत होते, तिकडं ती बघत होती. "बोलून काय झालं असतं? तुमी आला न्हाईत ही तुमची चूक. पर माझं हात बी धुतलेलं नव्हतं, बाई. तुमी म्हणाला ते खोटं न्हवतं. खोटं आसतं तर म्या गाव सोडलं नसतं." मग म्हणाली, "रोज आठवती ती कुंभारीण. तुमाला बी आठवत असंल."

मी मान हलवली. माफ करा असं मला म्हणायचं होतं, ते म्हटलंही. ती म्हणाली, गूळ खा, वाट लांब हाय.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे मुलीला भरवत होते. पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, आडावर जाईन. हे म्हणाले, मी घागर घेऊन बरोबर येतो. मास्तर माणसानं आडावर घागर घेऊन येणं म्हणजे गावाला आठवडाभर विषय. पण मी नको म्हटलं. जिथं एकटी बोलले होते तिथं एकटीनंच जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आधी साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी दवंडी परत घ्यायची विनंती केली तर म्हणाले, "बाई, दवंडी पिटी सो पिटी. वो आवाज वापस कां से लाऊं?" मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं त्यांनी कपाटातून एक पत्र्याची पेटी काढली. आत कात्री, दोरा, ब्रश, आणि लढाईच्या त्या टंचाईत जपून ठेवलेल्या साबणाच्या दोन वड्या. "उसको बुलाओ. सिखाओ," एवढंच म्हणाले.

आडावर मी सांगितलं तेव्हा एका बाईनं आपली घागर माझ्या घागरीपासून थोडी लांब सरकवली. पुढं पाच-सहा महिने मला बोलावणी कमी आली. कुंभारआळीत मी त्या सासूकडं गेले. ती अंगणात मडकी वाळत घालत होती. मी बोलायला लागले तशी हातातलं मडकं खाली ठेवून ती आत गेली आणि बाहेर आली नाही. नंतरही कधी ती माझ्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसली की मी थांबायची, ती निघून जायची. तिच्यासाठी मी आजही प्रार्थना करते. ते ओझं उतरलेलं नाही, आणि उतरावं असा हट्टही मी आता करत नाही.

सुईण मात्र आली. आठवड्यातून एकदा, गुरुवारच्या बाजाराच्या दिवशी, दवाखान्याच्या मागच्या ओसरीवर बसून ती शिकायची. वाचता येत नव्हतं, पण एकदा दाखवलेलं विसरायची नाही. हात धुण्यापाशी अडलं. पाच मिनिटं मोजायची कशी? मी भीत भीत म्हटलं, माझी प्रार्थना शिकवू का? तिनं मान हलवली. "तुमची तुमच्यापाशी. मला माझी येडाई हाय, येरमाळ्याची देवी." मग विचार करून तिनंच तोड काढली. तिच्या हातांवर जन्मलेल्या पोरांची नावं ती पहिल्यापासून घ्यायला लागली. कोण मोठं होऊन फौजेत गेलं, कोण लहानपणीच गेलं, कुणाला आता नातवंडं झाली. मी घड्याळ लावून पाहिलं. पन्नास-साठ नावांत पाच मिनिटं होत होती. त्यातलं एकही नाव ती नुसतं उरकत नसे. नावागणिक तिचा चेहरा बदलायचा.

ते बघून मी माझी रीत बदलली. प्रार्थना एकदाच म्हणायची, साबण लावताना, एकेक ओळ समजून. उरलेल्या वेळात जिच्यासाठी हात धुते आहे त्या बाईचं नाव देवापुढं ठेवायचं, तिच्या घराचं, तिच्या पोटातल्या जिवाचं. नाव ठाऊक नसलं तर आधी विचारून घ्यायचं. फार मोठं असं काही झालं नाही. कामं तेवढीच राहिली. मन अजूनही पळायचंच. कितीदा ओठ आपले आपण चालू झालेत असं मधेच लक्षात यायचं. मग मी थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. हात दोनदा धुतले गेले म्हणून कुणाचं वाईट होत नाही.

त्या वर्षांत घरी, दवाखान्यात, छकड्यात मला देवासाठी वेगळा वेळ असा कधी मिळालाच नाही. तरी मागं वळून बघते तेव्हा वाटतं, त्या वर्षांइतकं त्याच्याजवळ मी पुढं निवांतपणातही क्वचितच बसले. आता वेळच वेळ आहे. सकाळी शास्त्र घेऊन खिडकीशी बसते, आणि सीनेकाठची ती ओली माती, साबणाचा वास, तांब्यातून पडणाऱ्या ऊन पाण्याची धार हे सगळं आठवून जीव तिकडं ओढ घेतो.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या वर्षी आमची येरमाळ्याला बदली झाली. मोटारीच्या टपावर सामान चढत होतं तेव्हा सुईण पत्र्याची पेटी काखेत घेऊन आली. वाडीहून परस्पर आली होती, रात्रभर बाळंतिणीपाशी होती. मुलीच्या गालावरून हात फिरवला, ह्यांना रामराम केला. मला म्हणाली, "येडाईच्या गावाला चाललात, नशीबवान हाय. तिथं बी कुणीतरी म्हातारी सुईण असंल. आधी तिच्या घरी जा."

दुपारी येरमाळ्याला उतरलो. नव्या घराचं कुलूप हे काढत होते. मी शेजारच्या बाईला सुइणीचं घर विचारलं, आणि मुलीचा हात धरून तशीच तिकडं गेले.